मावळच्या थंडीतील वांगी

कामगार संघटनेच्या कामात हयात घालविलेल्या माणसांनी वसंतातील व्याख्यानाच्या व्यासपीठावर उभे राहून वांग्यांविषयी बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा पाडली. सामान्य माणसाला उपयोगी पडेल असे ज्ञान त्याच्याच भाषेत त्याच्यापुढे ठेवावे, हा अशा मालांचा हेतू आम्ही समजतो. ज्या भाजीशिवाय आपल्याकडील कोणतेही गोरगरिबाचे ताट पुरे होत नाही, तिच्याविषयी दोन शब्द बोलण्यास या हेतूची आडकाठी नसावी. आम्ही कोणत्याही कृषिविद्यालयाचे पदवीधर नाही. जे वाचले, विचारले आणि चुकून शिकलो, तेवढेच येथे मांडीत आहोत.

आमचा या विषयाशी संबंध आला तो हौसेने नव्हे, तर अडचणीने. काही वर्षांपूर्वी या पट्ट्यातील एका कारखान्यात दिवाळीच्या सुमारास टाळेबंदी झाली. पगार बंद झाला की घरात पहिली बंद होते ती भाजी. भाकरी कशीबशी निघते, डाळ उधार मिळते, पण भाजी रोजच्या रोख पैशाची. आमच्या सभासदांपैकी एकाची सोमाटण्याजवळच्या परंदवडीस दहा गुंठे जमीन होती. पाच घरांनी मिळून तीत वांगी लावावीत, थोडी घरी खावीत, उरलेली फाट्यावर विकावीत, असा बेत ठरला. नोव्हेंबरच्या अखेरीस एका रोपवाटिकेतून रोपे आणली. ती नेमकी केव्हाची आहेत आणि केव्हा लावण्याची आहेत, हे आम्ही विचारले नाही आणि विकणाऱ्यानेही सांगितले नाही. डिसेंबरभर रोपे होती तेवढीच राहिली. जानेवारीत फुले आली ती गळून पडली. जी दहा-वीस फळे धरली ती सुपारीएवढी होऊन दगडासारखी घट्ट राहिली.

गावातील जाणती माणसे म्हणाली, "मावळ भाताचा मुलूख. वांगं कृष्णाकाठी, नाहीतर मांजरीला. इथल्या थंडीत ते व्हायचं नाही." हे म्हणणे अर्धे खरे आहे. ते कोणत्या अर्थाने खरे आणि कोणत्या अर्थाने खोटे, हे सांगणे हाच आजच्या विवेचनाचा विषय होय.

वांग्याचा स्वभाव

प्रथम या झाडाचे कूळ पाहू. वांगे, बटाटा, टोमॅटो, मिरची ही सारी एकाच घराण्यातील भावंडे आहेत. परंतु एका घरातील भावांचे स्वभाव निराळे असावेत तसे यांचे आहे. बटाट्याला थंडी मानवते, टोमॅटो मध्यम हवेत खूश असतो, आणि वांगे मात्र पक्के उन्हाचे लेकरू आहे. बटाटा, टोमॅटो व मिरची ही अमेरिका खंडातून समुद्रमार्गे आपल्याकडे आली. वांगे आपल्याच बाजूचे, म्हणजे भारत व त्याच्या पूर्वेकडील उष्ण प्रदेशातले. त्याच्या नावाचा प्रवासही मौजेचा आहे. संस्कृतातील 'वातिंगण' या शब्दापासून फारसीत 'बादिंगान' झाले, अरबांनी ते स्पेनपर्यंत नेले, पोर्तुगिजांनी त्याचे 'बेरिंजेला' केले आणि तेच 'ब्रिंजल' होऊन परत आपल्याकडे आले. फ्रेंच व इंग्रज लोक ज्याला 'ओबर्जीन' म्हणतात, तेही या अरबी शब्दाचेच रूपांतर होय. म्हणजे नाव जग फिरून आले. झाडाने मात्र आपली उबेची गरज सोडली नाही.

ही गरज आकड्यांत सांगता येते. साधारणपणे वीस ते तीस अंश सेल्सिअस तापमानात वांग्याची वाढ उत्तम होते. पंधरा अंशांच्या खाली वाढ मंदावते, जवळजवळ थांबते. दहा अंशांच्या खाली रात्री सलग राहिल्या तर पानांना व फळांना इजा होऊ लागते, आणि दहिवर गोठून हिम पडले तर झाड मरते. बी रुजण्यासाठी तर पंचवीस ते तीस अंशांची ऊब लागते. तशी मिळाली तर आठ-दहा दिवसांत बी वर येते. पंधरा अंशांच्या आसपास ते मातीत तसेच पडून राहते आणि पुष्कळदा कुजते.

शहरातील गृहिणींना येथेच एक गोष्ट सांगून ठेवतो. तोडलेले वांगेही थंडी विसरत नाही. शीतकपाटाच्या अगदी थंड कप्प्यात ते ठेवले की दोन-चार दिवसांत सालीवर खड्डे पडतात व आतले बी काळे पडते. वांगे आणावे आणि लवकर खावे. ठेवणे भाग असेल तर कपाटाच्या सर्वांत कमी थंड कप्प्यात ठेवावे.

फूल का गळते?

आमची फुले गळाली तेव्हा आम्हाला वाटले की खत कमी पडले. म्हणून आम्ही युरिया टाकला, आणि झाडे अधिकच लुसलुशीत होऊन थंडीला अधिकच बळी पडली. खरे कारण फुलाच्या आत होते.

वांग्याचे फूल हाती घेऊन पाहावे. मध्ये पिवळ्या परागकोशांचा शंकूसारखा जुडगा असतो आणि त्यातून स्त्रीकेसराची हिरवी काडी डोकावते. ही काडी परागकोशांच्या वर आलेली किंवा त्यांच्या बरोबरीची असली, तर त्या फुलाचे फळ होण्याचा संभव चांगला. ती आतच आखूड राहिली असेल तर ते फूल बहुधा गळणारच. एकाच झाडावर दोन्ही प्रकारची फुले येतात, परंतु झाड अशक्त झाले, उपाशी राहिले किंवा गारठले की आखूड काडीच्या फुलांचे प्रमाण वाढते. हे पाहण्यास भिंग लागत नाही, डोळे पुरतात. आम्ही आता दर आठवड्यास वीस फुले पाहतो. त्यांवरून पुढच्या महिन्याच्या तोडणीचा अंदाज बांधता येतो.

दुसरी गोष्ट परागाची. या फुलाचे परागकोश उभे फाटत नाहीत. त्यांच्या टोकाशी मिठाच्या डबीसारखी भोके असतात आणि फूल हलले तरच पराग बाहेर सांडतो. काळा मोठा भुंगा फुलाला धरून अंगाची थरथर करतो, तेव्हा पराग निघतो. साध्या मधमाशीला हे काम तितके साधत नाही. थंड सकाळी भुंगा उशिरा निघतो. शिवाय थंडीत परागच कमजोर होतो. तो काडीवर पडला तरी रुजत नाही. तेव्हा एक तर फूल गळते, नाहीतर बी न धरता फळ तसेच राहते. असे बिनबियांचे फळ वाढत नाही, घट्ट बसते. आम्हाला मिळालेली सुपारीएवढी फळे हीच होत. जपानातील शेतकरी अशा फळाला 'दगडी वांगे' म्हणतात, हे पुढे वाचनात आले तेव्हा परंदवडीतील दुःख जगाच्या पाठीवर एकटे नाही, असे समाधान वाटले.

मावळची थंडी येते कोठून?

लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून पुण्याकडे यावे तसा तो झपाट्याने कमी होत जातो, आणि पुण्यात तो सातशेच्या आसपास येतो. परंदवडी या दोहोंच्या मधली. पावसाचे मावळ सर्वांना ठाऊक आहे. थंडीचे मावळ मात्र शेतकऱ्याखेरीज फारसे कोणास ठाऊक नाही. ही सारी भूमी समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंच, आणि हिवाळ्यात आकाश निरभ्र. दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता उघड्या आकाशात टाकून देते. ढग नसल्याने तिला अडविणारे पांघरूण नसते. १९२८ साली हवामान खात्याची कचेरी शिमल्याहून पुण्यास आली. तेथील नोंदींत पुण्याचे सर्वांत कमी तापमान १७ जानेवारी १९३५ या दिवशीचे, १.७ अंश सेल्सिअस असे आहे. ते टोक झाले. परंतु डिसेंबर-जानेवारीत पहाटे दहा अंश किंवा त्याहून कमी, हे येथे नित्याचे आहे.

यात आणखी एक गोम आहे. थंड हवा उबदार हवेपेक्षा जड असते. ती पाण्यासारखी उतारावरून वाहत खाली येते आणि ओढ्याकाठी, सखल जागी साचते. म्हणून पवनेच्या खोऱ्यातील एकाच गावात माळावरचे शेत व ओढ्याकाठचे शेत यांत पहाटे दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो. पाण्याची सोय म्हणून आम्ही नेमका ओढ्याकाठचा तुकडा निवडला होता. म्हणजे थंडीच्या तळ्यात आम्ही रोपे लावली होती.

पहाटेची थंडी अंदाजाने सांगू नये. किमान तापमान दाखविणारा तापमापक रोपाच्या उंचीवर बांधून आठ दिवस नोंद ठेवावी. कारखान्यात मालकाशी बोलणी करताना आम्ही आकडे घेऊन बसतो. थंडीशी बोलणी करतानाही तेच करावे.

दोन शत्रूंमधील वाट

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. महाराष्ट्रात रब्बीच्या वांग्यासाठी साधारणतः सप्टेंबरात बी टाकून ऑक्टोबरात लागण करतात. लागणीपासून पहिली तोडणी होण्यास दोन ते अडीच महिने लागतात. म्हणजे फुलांचा व फळधारणेचा काळ डिसेंबरात येतो. सोलापूर-सांगलीकडे तो चालतो. मावळात मात्र त्याच वेळी थंडी येऊन बसते. मग लागण आणखी आधी का करू नये? कारण त्या आधी पाऊस असतो. ओल्या, थंड, कोंदट हवेत कोवळी रोपे मुळाशी कुजून कोलमडतात. पुढे पाऊस आणि मागे थंडी, अशा दोन शत्रूंमध्ये मावळच्या वांग्याला वाट काढावयाची आहे.

बाजाराचे गणितही येथेच येऊन मिळते. आपल्याकडे पुष्कळ घरांत कांदेनवमीनंतर आषाढी एकादशीपासून चातुर्मास पाळतात आणि कांदा, लसूण व वांगे वर्ज्य करतात. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीस, म्हणजे चंपाषष्ठीस, खंडोबाला वांग्याचे भरीत आणि रोडग्याचा नैवेद्य दाखविला की मग वांगे ताटात येते. पुढे महिना-दीड महिन्यात भोगीची भाजी येते. तीतही वांगे हवेच. म्हणजे ज्या दिवसांत मावळात वांगे यावयास तयार नसते, नेमक्या त्याच दिवसांत घरोघर त्याची मागणी असते.

म्हणून आम्ही हिशेब उलटा मांडला. चंपाषष्ठी बहुधा नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरात येते. त्या वेळी पहिली तोडणी हवी असेल, तर ऑक्टोबरच्या अखेरीपासून फुले धरली पाहिजेत. त्यासाठी सप्टेंबरच्या मध्यास लागण झाली पाहिजे. रोप पाच-सहा आठवड्यांचे हवे, म्हणजे बी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पडले पाहिजे. सणांच्या भाषेत सांगावयाचे तर नागपंचमी-नारळी पौर्णिमेच्या सुमारास बी, गणपती बोळविल्यावर लागण, घटस्थापनेपर्यंत रोपाने धरलेले मूळ आणि दिवाळीत फूल. अधिक मास आला की सण पुढे सरकतात, म्हणून खात्री इंग्रजी तारखेनेच करावी. लागण सप्टेंबर संपेपर्यंत उरकली नाही तर ती पुढे ढकलून रेटू नये. त्याऐवजी फेब्रुवारीच्या लागणीची तयारी करावी. आम्ही नोव्हेंबरात केली ती लागण या दोन्ही वाटांवरून चुकलेली होती.

एकदा झाडाचा सांगाडा मजबूत झाला आणि फळे धरली, की पुढची थंडी ते बऱ्यापैकी सोसते. फळे हळू वाढतात, पण वाढतात. थंडीत झाडाला नवे संसार मांडता येत नाहीत. मांडलेला संसार मात्र ते चालविते.

रोपाचे घर

ऑगस्टातील पावसात रोप वाचवावयाचे म्हणजे त्याला छप्पर आणि निचरा हवा. तीन मीटर लांब, एक मीटर रुंद व वीतभर उंच असा गादीवाफा करावा. त्यात चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. आडव्या ओळींत, सुमारे एक सेंटिमीटर खोल, बी विरळ पेरावे. बियाण्यास ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीची भुकटी चोळावी. ती रोपे कोलमडविणाऱ्या बुरशीला रोखते. वर बांबूच्या कमानी करून त्यांवर पारदर्शक प्लॅस्टिक घालावे. कडा मात्र उघड्या ठेवून त्यांना बारीक जाळी लावावी, म्हणजे वारा खेळेल पण तुडतुडे आत येणार नाहीत. पाणी बेताने द्यावे. लागणीच्या आधी आठवडाभर छप्पर काढून व पाणी कमी करून रोपांना बाहेरच्या हवेची सवय करावी.

दहा गुंठ्यांस सुमारे पन्नास ग्रॅम बी पुरते. पाऊण मीटर बाय पाऊण मीटर अंतराने लावल्यास त्यात सुमारे अठराशे रोपे बसतात. वाण निवडताना केवळ नावाला भुलू नये. मांजरी गोटा हे पुण्याजवळचे नामांकित वांगे, आणि जळगावच्या भरिताच्या वांग्याला तर २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण थंड जागी मोठ्या फळाच्या व उशिरा येणाऱ्या वाणापेक्षा लहान फळाचा, लवकर येणारा वाण बरा. कारण मोठे फळ पोसण्यास अधिक उबेचे दिवस लागतात. ज्या शेतात मर रोगाने झाडे उभी वाळतात, तेथे रानवांग्याच्या खुंटावर कलम केलेली रोपे लावावीत. ही विद्या जपानात १९५० च्या दशकापासून रूढ झाली असून आता आपल्याकडेही अशी रोपे मिळतात.

दुसरी संधी जानेवारीची. फेब्रुवारीत थंडी ओसरताच लागण करावयाची असेल तर बी ऐन थंडीत रुजवावे लागते. यासाठी विजेची शेगडी नको. दीड फूट खोल खड्डा घ्यावा, त्यात ताजे शेण व भाताचा पेंढा ओला करून तुडवून भरावा आणि वर चार बोटे माती घालावी. दोन-तीन दिवसांत तो आपोआप तापू लागतो. शेणातील सूक्ष्म जीव पेंढा कुजवितात आणि त्या क्रियेत उष्णता निघते. पहिली तीव्र उष्णता चार-सहा दिवसांत ओसरू द्यावी, हाताला कोमट लागेल तेव्हा वर बियांचे ट्रे ठेवावेत आणि रात्री प्लॅस्टिक झाकावे. जपानात एदोच्या काळी, काच व प्लॅस्टिक नसताना, तेलकट कागदाच्या झाकणाखाली केरकचरा कुजवून त्याच्या उबेवर हंगामाआधीची वांगी पिकवीत. ती इतकी महाग असत की नववर्षाच्या पहिल्या स्वप्नात फूजी पर्वत, ससाणा किंवा वांगे दिसणे शुभ, अशी तेथे समजूत आहे. आपल्याकडे वांगे स्वप्नात कोणी पाहत नाही, कारण ते ताटात दिसते. परंतु उकिरड्याची ऊब फुकट आहे, ही त्यांची शिकवण घेण्यासारखी आहे.

शेतात ऊब कशी राखावी?

शेतात लागण झाल्यावर पाच गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पहिली, जागा. सखल भाग टाळावा. उत्तरेकडून व पूर्वेकडून येणारा गार वारा अडविण्यासाठी त्या बाजूंस मका, तूर किंवा शेवरी आधीच पेरावी. मात्र खालच्या बाजूस दाट कुंपण करू नये. थंड हवा वाहून जाण्यास तेथे वाट हवी.

दुसरी, जमिनीचे पांघरूण. उन्हाळ्यात आपण पेंढ्याचे आच्छादन घालतो ते योग्यच आहे. परंतु हिवाळ्यात तेच अपाय करते. पेंढा जमिनीची दिवसाची ऊब अडवितो आणि रात्री ती झाडापर्यंत पोचू देत नाही. थंडीत सरी-वरंब्यावर काळे मल्चिंग प्लॅस्टिक घालावे, किंवा जमीन उघडी, तणविरहित व ओलसर ठेवावी.

तिसरी, पाणी. कोरड्या मातीपेक्षा ओली माती अधिक उष्णता साठविते. विहिरीचे पाणी हिवाळ्यात हवेपेक्षा उबदार असते, पहाटे त्यातून वाफा निघतात त्या याचमुळे. ज्या रात्री आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल, त्या संध्याकाळी हलके पाणी द्यावे. धूर करण्याची जुनी रीत आहे, परंतु तिचा उपयोग थोडा आणि शेजाऱ्याच्या डोळ्यांना त्रास मोठा.

चौथी, खत. थंडीच्या तोंडावर नत्राचा मोठा हप्ता देऊ नये. कोवळी वाढ थंडीत आधी मरते. शेणखत आधीच भरपूर घालावे, पालाश पुरेसे असावे, आणि नत्र थोडे थोडे विभागून द्यावे.

पाचवी, फुलांची सेवा. सकाळी ऊन चढल्यावर, दहाच्या सुमारास, काठीने झाडाला हलकी टिचकी द्यावी. भुंगा जे करतो तेच काम काठी काही अंशी करते. रात्री बांबूच्या कमानीवर पातळ न विणलेले कापड घातल्यास दोन-तीन अंशांची ऊब मिळते, पण सकाळी ते काढलेच पाहिजे, नाहीतर भुंग्याला दार बंद.

तळेगावच्या परिसरात गुलाबाची मोठी हरितगृहे आहेत. हॉलंडमध्ये तर काचगृहे तापवून वांगी काढतात. मग आपणही तसे का करू नये, असे तरुण मंडळी विचारतात. याचे उत्तर बाजारात आहे. फेब्रुवारीत परदेशी जाणारा गुलाब हरितगृहाचा खर्च सोसतो, वांगे सोसत नाही. गरिबाच्या भाजीला उपायही गरिबाला परवडणारेच हवेत.

थंडीचा एक फायदा मात्र मान्य केला पाहिजे. शेंडे व फळे पोखरणारी अळी ही वांग्याची सर्वांत मोठी वैरीण. तिच्यावर तोड म्हणून जनुक बदललेले बीटी वांगे पुढे आले आणि २०१० साली केंद्र सरकारने त्यास स्थगिती दिली, हा वाद पुष्कळांना आठवत असेल. थंडीत या अळीची पैदास मंदावते. दर आठवड्यास मलूल झालेले शेंडे अळीसकट खुडून नष्ट केले आणि कामगंध सापळे लावले, तर हिवाळ्यात फवारणी पुष्कळच कमी करता येते. पाने बारीक होऊन झाडाचा झुपका झाला, म्हणजे बोकड्या आला, तर ते झाड उपटूनच टाकावे. त्याला औषध नाही.

आजींचा सल्ला

आता आमच्या पहिल्या वर्षाची गोष्ट पुरी करतो. जानेवारीच्या अखेरीस आम्ही झाडे उपटून टाकण्यास निघालो होतो. शेतमालक सभासदाची आजी बांधावर आली आणि म्हणाली, "पोरांनो, उपटू नका. झाड मेलं न्हाई, गारठलंय. जरा कळ काढा." तिच्या सांगण्यावरून आम्ही खुरटी फळे तोडली, वाळके फाटे छाटले, खुरपणी करून मुळाशी शेणखत घातले आणि पाणी दिले. फेब्रुवारीत ऊन चढले तशी पालवी फुटली आणि गुढीपाडव्याच्या सुमारास झाडे फळांनी वाकली. वांग्याला आपण हंगामी पीक मानतो, पण मुळात ते अनेक वर्षे जगणारे झुडूप आहे. तेव्हापासून सप्टेंबरात लावलेली झाडेही जानेवारीनंतर फूटभर ठेवून छाटावीत, खत द्यावे आणि दुसरा बहर घ्यावा, असा आमचा नियम झाला. पुढच्या वर्षी माळाकडचा तुकडा घेतला, ऑगस्टात बी टाकले, आणि चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी पहिली टोपली फाट्यावर गेली.

टाळेबंदी तोवर उठली होती. पाचांपैकी तिघांना कामावर परत घेतले, दोघांना घेतले नाही. त्या दोघांची घरे आजही त्या दहा गुंठ्यांवर भाजी काढतात. वांग्यांनी तंटा सुटला, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु उपाशी पोटी माणूस कोणत्याही कागदावर सही करतो. त्या पाच घरांवर ती पाळी आली नाही, यात त्या भाजीचा थोडा वाटा होता.

येथे हिशेबाविषयी एक शब्द. पहिल्या वर्षी आम्ही जमाखर्च मांडला तेव्हा बियाणे, खत, पाणी व वाहतूक धरली आणि नफा झाला म्हणून टाळ्या वाजविल्या. तेव्हा एका सभासदाची पत्नी म्हणाली, "आम्ही बाया काट्यांत हात घालून पहाटे तोडणी केली, त्याचे पैसे कोणत्या रकान्यात?" आम्ही जन्मभर दुसऱ्यांच्या वेतनासाठी भांडलो आणि आमच्याच वहीत घरच्या बायकांचे वेतन शून्य धरले होते. आता तोडणीची मजुरी आधी लिहितो, मग नफा. तो कमी दिसतो, पण खरा दिसतो. वांग्याचा भाव 'स्वस्त' असतो तेव्हा कोणाच्या तरी मजुरीचा रकाना कोरा राहिलेला असतो, हे शहरातील ग्राहकानेही ध्यानात ठेवावे.

ज्यांना शेत नाही त्यांनी निराश होऊ नये. दक्षिणेकडील भिंतीलगत, दिवसभर ऊन येईल अशा जागी, फूटभर रुंद व तितकीच खोल गडद रंगाची कुंडी ठेवावी. भिंत व कुंडी दिवसा ऊब साठवितात आणि रात्री झाडाला देतात. एका कुंडीत एकच झाड, आणि बी ऑगस्टात. आपल्या चळवळीचे आद्य पुरुष नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. त्या सुट्टीतला अर्धा तास एका कुंडीला पुरतो.

तात्पर्य असे की, मावळच्या थंडीत वांगे होत नाही हे खरे नाही. भलत्या तारखेला, भलत्या जागी लावलेले वांगे होत नाही, हे खरे. थंडी आपल्या हाती नाही. तारीख, जागा आणि मुळाशी राखलेली ऊब या तीन गोष्टी मात्र आपल्या हाती आहेत. येत्या ऑगस्टात श्रोत्यांपैकी कोणी परंदवडीकडे आले तर गादीवाफा दाखविण्यास आम्ही हजर राहू. आणि भरीत खावयाचे असेल, तर चंपाषष्ठीस यावे.